पाठीमागचं तळं

१२ सप्टेंबर

प्रिय खंड्या,

बाबा सुखरूप आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण पुढचं तू वाचशील याची खात्री नाही. मोठ्या बहिणीने आशीर्वाद द्यायचे असतात, तेही देऊन टाकते. घ्यायचे की नाही ते तू बघ.

फोन तू उचलत नाहीस. आणि इथे फोन नीट लागतो तो फक्त धक्क्याच्या टोकाला, जिथे होडीत चढणारे-उतरणारे सगळे आपलं बोलणं कान देऊन ऐकतात. तिथे उभं राहून सख्ख्या भावाशी भांडायची मला लाज वाटते. म्हणून पत्र.

बसचा प्रवास बरा झाला. ज्या माणसाने उभा जन्म बसच्या दारात काढला, त्याला खिडकीशी बसवून ठेवणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. घाट लागला तसे ते उठून उभे राहिले आणि मागच्या लोकांना म्हणाले, "पुढे सरका, मधे जागा आहे." मधे खरंच जागा होती. लोक सरकले.

मी इथे हवा खायला आलेले नाही, हे तुझ्या बायकोलाही सांग. डोंगर चढायला आणि होड्या वल्हवायला येणाऱ्या लोकांसाठी तळ्याकाठी एक विश्रामगृह आहे, तिथे हंगामापुरतं काम मिळालंय. सकाळी पाव कापायचे, घोंगड्यांच्या घड्या घालायच्या, आणि नवख्या लोकांचा घोळका घेऊन जंगलातल्या वाटेवरून हिंडवून आणायचा. मालकीण मोठी रोखठोक बाई आहे. मी शाळेत खेळ शिकवायचे म्हटल्यावर तिने एवढंच विचारलं, "शिट्टी आहे ना? मग झालं." वडील बरोबर असतील असं मी म्हणाले, तर ती म्हणाली, "मग खालची खोली घे, जिना नको."

खोलीत दोन खाटा, एक शेगडी आणि एक मोठी खिडकी. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता, त्यामुळे खिडकीबाहेर काय आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी मला जाग आली ती बाबांच्या आवाजाने. खिडकीशी उभे होते, पायजम्याची नाडी लोंबत होती, आणि हळूच, कुणी झोपलेलं उठू नये तसं म्हणत होते, "बाई, अहो बाई, हे बघा काय आहे."

मला बाईच म्हणतात हल्ली. तुलाच विसरले असं समजू नकोस.

मी उठून त्यांच्या शेजारी गेले. खंड्या, मी तुला काय सांगू. खिडकीपासून थेट समोरच्या डोंगरापर्यंत नुसतं पाणी, आणि त्यावर वाफ तरंगतेय. डोंगराचं डोकं उन्हात, पाय अजून काळोखात. पाण्यात दुसरा डोंगर उलटा, तो खरा की वरचा खरा हे सांगता येऊ नये इतका स्वच्छ. मी पासष्टीला आले, मला वाटत होतं पाहायचं ते पाहून झालं.

"तळं आहे, बाबा," मी कसंबसं म्हणाले.

"काल नव्हतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. "बाई, हे बघा काय आहे." तिसऱ्या दिवशीही. त्यांना ते रोज पहिल्यांदा दिसतं. रोज तसेच दचकतात, तसाच हात छातीशी जातो. मी आता त्यांच्या आधी उठून बसते, ते खिडकीशी जायची वाट बघत. तळं नंतर बघते, आधी त्यांना.

त्या दिवशी तुझ्या घरी जे बोलले ते मी मागे घेणार नाही. बापाच्या खोलीला बाहेरून कडी. माणसाने ती बघून गप्प बसावं? तू म्हणालास, "एवढं वाटतं तर ने ना तुझ्याकडे." नेलं. इथे आमच्या दाराला कडी नाही, कुलूप नाही, नुसता दरवाजा आहे, लोटला की उघडतो.

तुझी,
ताई

२७ सप्टेंबर

प्रिय खंड्या,

पार्सल मिळालं. चिठ्ठी शोधली, पाकीट उलटं करून झटकलं, पण नव्हती. तू औषधांच्या डब्यात सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे भरून दिलेस, वर तुझ्या दुकानाची चिकटपट्टी लावलीस, आणि एक शब्द लिहायला तुला शाई पुरली नाही. लोकरीचे मोजे तुझ्या बायकोने पार्सलात घातलेत ना? तळव्याला रबराचे ठिपके असलेले? तिला सांग, फरशी इथेही गुळगुळीत आहे, बरं झालं.

आता ऐक. इथे जेवणघराच्या भिंतीवर पानगळीच्या हंगामातल्या कार्यक्रमांचा एक मोठा कागद लावलाय. पदयात्रा, होड्यांची शर्यत, सफरचंद तोडणी, गरम हवेच्या फुग्यांचा दिवस. मला वाटलं होतं, बाबांना घेऊन आपण हे सगळं भिंतीवरच वाचायचं. पण मालकीण म्हणाली, "पाय चालतात ना त्यांचे? मग खोलीत काय करतील?"

म्हणून पदयात्रेला नेलं. घोळक्याच्या पुढे मी शिट्टी घेऊन, आणि सगळ्यात मागे बाबा. मागे राहिलेल्यांना हाकत आणायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. "चला, चला, गाडी सुटतेय." शहरातून आलेली तरुण जोडपी हसत हसत पाय उचलायला लागली. मला इतक्या वर्षांच्या शिट्टीने जमलं नाही ते त्यांच्या एका हाकेने जमतं.

जंगलात शिरलो आणि सगळ्यांचा आवाज आपोआप खाली आला. इथली झाडं एकाच आठवड्यात पिवळी पडतात. पिवळी म्हणजे आपल्याकडे पान सुकून पडतं तशी नाही. आतून दिवा लावल्यासारखी. वारा नव्हता, तरी पानं गळत होती, एकेक, फार सावकाश, आणि जमिनीला लागताना त्यांचा आवाज ऐकू येत होता. तू कधी पान पडल्याचा आवाज ऐकलायस? मी नव्हता ऐकला. बाबा थांबले, टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. मग त्यांचं बघून मागचा एक थोराड गडी होता, इथलाच सुतार, त्यानेही काढली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

पाण्याकाठी परत येताना एका वाकलेल्या फांदीवरून निळं काहीतरी सुटलं आणि पाण्यात घुसलं. बाबा ओरडले, "खंड्या!"

मी त्यांचा दंड धरला. "बाबा, कोण खंड्या? आठवतो तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच सगळं विसरत चाललेय. "पक्षी आहे, बाई. मासे खातो."

तुला वाईट वाटेल म्हणून हे लिहिणार नव्हते. पण मला त्यावर हसू आलं, आणि मग बराच वेळ आवरेना, आणि हे सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे.

होडीतही बसवलं त्यांना. मी वल्हवायला शिकतेय. मालकीण म्हणते, माझे खांदे चांगले आहेत, अक्कल येईल हळूहळू.

फुग्यांचा दिवस परवा झाला. छान झाला. बाबा जरा हिंडून आले. आता बरे आहेत.

ताई

९ ऑक्टोबर

खंड्या,

मागच्या पत्रात फुग्यांच्या दिवसाला मी दोन-तीन ओळी दिल्या. तुझ्यासारख्या माणसाने त्यावरूनच ओळखलं असेल. मला कुठलीही गोष्ट दोन-तीन ओळींत आटपता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तळ्याच्या वरच्या अंगाला एक मोकळं कुरण आहे. सकाळी सगळे तिथे जमलो. गवतावर रंगीत कापडं पसरली होती, धुणं वाळत घातल्यासारखी. मग जाळ लावला, आणि ती कापडं फुगायला लागली. झोपलेलं जनावर श्वास घेत उठावं तशी एकेक उभी राहिली, आणि बघता बघता जमीन सोडली. कसलाही धक्का नाही. फक्त मधूनच जाळाचा सुस्कारा. लाल, केशरी, निळे. वर, डोंगराच्याही वर. आणि खाली तळ्यात तेच फुगे खोल खोल जाताना दिसत होते. अख्खं कुरण गप्प झालं होतं. शेजारची म्हातारी माझा हात धरून उभी होती, मी तिला ओळखतही नव्हते.

माझा एक हात त्या म्हातारीच्या हातात होता. दुसरा हात, ज्यात बाबांचा हात होता, तो रिकामा होता.

कधीपासून रिकामा होता हे मला आजही सांगता येत नाही.

कुरणाला कुंपण नाही. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला उतार आणि उताराच्या पायथ्याशी पाणी. मी शिट्टी फुंकत धावले. लोकांना वाटलं कार्यक्रमाचा भाग आहे. सगळे वर बघत होते, खंड्या. मी एकेकाला हलवून विचारत होते, "टोपी घातलेले, करडा स्वेटर, पाहिले का?" आणि प्रत्येक जण आधी आभाळाकडे बोट दाखवत होता.

तो सुतार माझ्याबरोबर जंगलाच्या कडेने गेला. मालकीण पाण्याच्या बाजूने. मी पाण्याकडे बघायचं टाळत होते. ज्या पाण्याला रोज सकाळी हात जोडावेसे वाटायचे, त्याच्याकडे मला बघवेना. ते इतकं शांत होतं की मला त्याची भीती वाटली.

सापडले ते लाँचवर. पलीकडच्या काठाला जाणारी मोठी लाँच असते, तिच्यावर सरळ चढून बसले होते. बसले कसले, उभे होते, दाराशी. लाँच परत येताना मला लांबूनच दिसले. लाँचवाला मला म्हणाला, "ताई, यांनी सगळ्यांना रांगेत चढवलं. एका बाईला बाळ होतं, तिला जागा करून दिली. मला वाटलं नवीन माणूस ठेवलाय." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, उशीर केलात. पुढच्या गाडीने या."

मी हसले नाही. मी धक्क्यावर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्या सुताराला बोलावलं. त्याने विचारलं, "कडी आतून की बाहेरून?" मी म्हणाले, "बाहेरून." त्याने मान डोलावली, दुसरं काही विचारलं नाही. त्याच्या जागी मी असते तर विचारलं असतं. तुला विचारलंच होतं.

आता मी कामाला जाताना ती सरकवते. मालकीण मधून मधून डोकावते. पहिल्या दिवशी कडी हातात धरून मी किती वेळ उभी होते देव जाणे. आतून बाबा म्हणाले, "कोण आहे?" आणि मी ती सरकवली.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथले डोंगर जवळूनही साजरेच आहेत. दुरून साजरे दिसत होते ते बाबा. महिन्या-दोन महिन्यांनी मिठाईचा पुडा घेऊन यायचं, त्यांचा हात हातात घ्यायचा, दोन गमतीचे किस्से घेऊन परत जायचं, आणि जाता जाता तुला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. उंटावरून शेळ्या हाकल्या मी. तू आणि तुझी बायको खाली उन्हात होतात.

मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. अंघोळीला ते तयार कसे होतात? दाढी करताना मान हलवतात, तेव्हा तू काय करतोस? संध्याकाळी "आता घरी जाऊ" असं सुरू झालं की काय सांगतोस? मी सांगते "हेच घर", तर चिडतात.

रागावून का होईना, लिही.

ताई

२१ ऑक्टोबर

प्रिय खंड्या,

तुझं उत्तर आलं. आधी मला वाटलं पाकीट रिकामंच आहे.

"कडी सरकते तिथे कापसाची पट्टी चिकटव. आवाज झाला की ते घाबरतात. दाढीच्या वेळी त्यांच्या हातात जुनं तिकीट दे. संध्याकाळी घरी जायचं म्हणाले की 'शेवटची गाडी गेली, आता सकाळची' असं सांग."

एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. मी ते जेवणघरात वाचलं आणि मालकिणीला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती. तिने हात थांबवले आणि म्हणाली, "तुझा भाऊ चांगला आहे गं." मी म्हणाले, "हो." एवढं बोलून मी भांडी घासायला गेले, कारण तिथे पाण्याचा आवाज असतो.

कापूस लावला. आता कडीचा आवाज येत नाही.

इथे थंडी उतरलीय. वरच्या शिखरांवर पहिला बर्फ पडला. परवा सकाळी बाबांनी खिडकीतून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, कुणीतरी वर चुना मारलाय. एवढी उंच शिडी कुणाची असेल?" मी विचार करायला लागले, की खरंच, किती मोठी शिडी लागेल. त्यांच्यासोबत राहून माझंही तसंच व्हायला लागलंय. साधी गोष्टही पहिल्यांदा दिसल्यासारखी दिसते. चहाची वाफ. ओल्या दोरखंडावर बसलेलं दव. काल सफरचंद तोडायला गेलो होतो, तर त्यांनी एक फळ हातात धरून उन्हात फिरवून फिरवून पाहिलं आणि मला दिलं, जणू त्यांनीच ते आत्ता घडवलंय. मी खाल्लं नाही, उशाशी ठेवलंय. वास येतोय खोलीभर.

होड्यांच्या शर्यतीत मी आणि मालकीण उतरलो. आमचा नंबर शेवटून पहिला. बाबा काठावरून ओरडत होते, "सावकाश, सावकाश, उतरणाऱ्यांना उतरू द्या." त्यांच्या आज्ञेबाहेर आम्ही गेलो नाही.

आता मुद्द्याचं. हंगाम संपताना इथे होड्या पाण्याबाहेर काढून शेडमध्ये ठेवतात. त्याच्या आदल्या दिवशी ज्याच्याकडे जे वल्हं असेल ते घेऊन सगळे एकदा तळं ओलांडतात, समोरच्या काठाला चहा पितात आणि परत येतात. यंदा तो दिवस शनिवारी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आहे.

ये.

ते तुला ओळखणार नाहीत. गेल्या वर्षीपासून तुझा चेहरा त्यांच्यासाठी पुसला गेलाय आणि त्यानंतर तू त्यांच्याशी फक्त औषधांपुरतं बोलायला लागलास, हे मला तुझ्या बायकोने सांगितलं होतं. तेव्हा मी तिला म्हणाले होते, "लहान आहे का तो, रुसायला?" ते काही रुसणं नव्हतं, हे मला इथे कळलं. मलाही रोज "बाई" ऐकून आत कुठेतरी टोचतं. पण मी त्यांच्याबरोबर तळं बघते, तेव्हा मुलगी असायची गरज नसते. शेजारी उभं असलं की पुरतं.

तुझ्या बायकोला दोन दिवस झोपू दे. तू एकटा ये. जाड कपडे आण.

ताई

६ नोव्हेंबर

प्रिय खंड्या,

बसच्या दारात तू विचारलंस, "ताई, माझ्या पाठीमागे काय होतं?" आणि ड्रायव्हरने गाडी काढली. तेच सांगायला बसलेय. बाबा झोपलेत, दुपारचं ऊन खाटेवर आलंय.

आधी थोडं माझं. तू आलास तेव्हा मी धक्क्यावरून हात केला, पण पुढे आले नाही. तू बॅग खाली ठेवून त्यांच्यासमोर उभा राहिलास. ते म्हणाले, "कुठे उतरणार?" आणि तू एवढंसं तोंड करून म्हणालास, "इथेच." मला वाटलं, संपलं, आता हा उलट्या पावली परत जाणार. पण बाबांनी तुझी बॅग उचलली. त्यांना झेपेना, तू धरायला गेलास, आणि दोघं एकच बॅग दोन बाजूंनी धरून चढावर आलात. तू मागे वळून बघितलं नाहीस, म्हणून माझं तोंड कसं झालं होतं ते तुला दिसलं नाही. बरंच झालं.

शनिवारी सकाळी धुकं होतं. मालकीण म्हणाली होती, "जाऊ नका नवखी माणसं घेऊन." पण सगळ्या होड्या सुटल्या आणि बाबा जाऊन आमच्या होडीत बसले, मग कुणाची टाप होती. मी होडी ढकलून सोडली आणि पुढच्या टोकाला, तुझ्या पाठीमागे बसले. तू वल्ही घेतलीस. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, हे तुला तेव्हा कळलं. तू म्हणालास, "असं उलटं बसायचं? मग कुठे चाललोय ते दिसणार कसं?" मी म्हणाले, "मी आहे ना सांगायला." बाबा तुझ्यासमोर, घोंगडी गुंडाळून, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

तू फार वाईट वल्हवतोस. हे लिहून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

मधोमध पोचलो तेव्हा आजूबाजूच्या होड्या दिसेनाशा झाल्या होत्या. नुसता पांढरा रंग, आणि वल्ह्यांवरून ठिबकणारं पाणी. तेवढ्यात धुकं वरच्या वर उचललं गेलं, पडदा ओढल्यासारखं. मी पुढे पाहिलं. तळ्यावर जमीन होती, खंड्या. जिथे पाणी असायला हवं तिथे राखी रंगाची, लांबच लांब जमीन. मला वाटलं आपण वाट चुकून काठाला लागलो. मग ती जमीन हलली. ते पक्षी होते. लांब मानेचे, मोठे. थंडीपुढे निघालेले, तळ्यावर उतरून झोपलेले. किती होते ते मला विचारू नकोस. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाणी दिसत नव्हतं.

पहिल्या होडीचा धक्का लागला असेल, आणि ते उठले. सगळे एकदम नाही. पलीकडच्या टोकापासून सुरुवात झाली आणि ते उठणं आमच्याकडे येत गेलं, जसं कुणी तळ्याची चादर एका कोपऱ्याने उचलतंय. आवाज आधी छातीत बसला, मग कानात. होडी थरथरली. पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला, त्याला ओल्या गवताचा वास होता. खाली पाणी उघडं पडत गेलं, आणि त्यात आत्ताच निघालेलं ऊन. वर बघितलं तर आभाळ नव्हतं, नुसती पोटं, पांढरी, खालून उजळलेली. डोंगरावरचा बर्फ त्यांच्यामधून तुकड्या-तुकड्याने दिसत होता. मला वाटलं, जग आत्ता बनतंय आणि चुकून आपण तिथे हजर आहोत.

तू वळायला लागलास. मीच ओरडले, "वल्ही सोडू नकोस, होडी फिरेल." खेळाच्या बाईंची जित्याची खोड. तू लगेच धरलीस. लहानपणापासून माझं ऐकायची तुला सवय लागली, ती चुकीच्या वेळी उपयोगी पडली. त्यामुळे तू काही पाहिलं नाहीस.

तू बाबांकडे बघत राहिलास. मागे वळून, तुझ्या खांद्यावरून मीही त्यांना पाहिलं. घोंगडी गळून पडली होती. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर ते, जे मी रोज सकाळी खिडकीशी बघते. पण त्या दिवशी कितीतरी पट. सगळं आभाळ त्यांच्या चेहऱ्यावरून चाललं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तुझे गुडघे घट्ट धरले आणि म्हणाले, "बघताय ना? बघताय ना?"

तू म्हणालास, "हो. बघतोय."

मग तुझी पाठ हलायला लागली. वल्ही पाण्यात तशीच लोंबत राहिली, होडी फिरायची तेवढी फिरली, आणि या वेळी मी ओरडले नाही.

समोरच्या काठाला चहा पिताना त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा तुझ्या कपात ओतला, ते मालकिणीनेही पाहिलं. तू कोण हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं.

विश्रामगृह पुढच्या आठवड्यात बंद होतंय. आपलं ठरलं तसं हिवाळाभर बाबा तुझ्याकडे, आणि मीही. वरची खोली मला चालेल, जिन्याचं भय नाही. सकाळी आठपासून दुपारपर्यंत ते माझ्याकडे, म्हणजे तू दुकानात निवांत बसशील आणि तुझी बायको तिच्या शिवणाच्या क्लासला जाईल, जो तिने सोडला हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. पानगळीला पुन्हा इथे येऊ. मालकिणीने खालची खोली आमच्या नावावर ठेवलीय.

आता शेवटचं. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीशी गेले. मी वाट बघत होते, पण त्यांचा हात छातीशी गेला नाही. पाण्याकडे बघून अस्वस्थ झाल्यासारखे वाटले. मग माझ्याकडे वळले.

"बाई, त्या माणसाला परत बोलवा."

"कुठल्या माणसाला?"

"तो. वल्हवणारा."

खंड्या, कालचं त्यांना आज कधी आठवत नाही. मी म्हणाले, "बाबा, तो तुमचा मुलगा."

त्यांनी थोडा विचार केला. "असेल," म्हणाले. "पण त्याने काही बघितलं नाही हो. त्याचं तोंड सगळा वेळ माझ्याकडेच होतं."

तुझी,
ताई